मागच्या पडवीतली चूल

सालमिया, कुवेत
४ मार्च १९५८

चि. नूरबानू हिस अमिरुन्निसाचे अनेक दुवा. वि. वि.

कॉन्व्हेंटच्या सुट्टीत घरी आलो की अम्मा तांदळाच्या भाकऱ्या भाजायची आणि आपण दोघी चुलीपुढे बसायचो, आठवतं? पहिली फुगलेली भाकरी कुणाची यावर आपलं भांडण, आणि अम्मा ती उचलून धाकट्या भावाला द्यायची. इथल्या स्टोव्हवर भाकरी तशी फुगत नाही. आज गोड्या पाण्याची गाडीही आली नाही.

मजीदचं पत्र आलं. माझ्या बंद खोल्यांचं कुलूप फोडून तांब्याची भांडी नेली म्हणे. करंजखोल शहराच्या हद्दीत गेलं तर पोलीस चौकी मिळेल, बदल्यात घरपट्टी बसेल, आणि मामलतदारांनी गावाचं मत मागवलं आहे. मी त्याला कळवलं, माझ्या खोल्या चौकीलाच द्या. तूही त्याच्या बाजूनं राहा. भाऊ-भावजय गेल्यावर त्याला तूच वाढवलंस. तो तुला अंतर देणार नाही.

तुझ्या मायेची भुकेली,
आपा


करंजखोल
२० मार्च १९५८

ती. आपा यांस नूरबानूचा सलाम. वि. वि.

पत्र पोचलं. पण तुझ्या हुकमाला इथे किंमत नाही. जमातीनं जुनी रीत धरली आहे, चुलीमागे एक मत. तुझी चूल विझलेली, म्हणून तुला मत नाही. अशरफ होडीवाला म्हणतो, घरं राखायची कुवेतवाल्यांची आणि पट्टी भरायची आम्ही. मला ते खोटं वाटत नाही.

दोन्ही बाजू आता चुली वाढवताहेत. शेजारच्या रबियानं सासूला अंगणात काढलं. मजीदनं मला मागच्या पडवीत तीन दगड मांडून दिले. म्हणाला, मत झालं की पुन्हा एकत्रच जेवू. त्याच्या बायकोनं, फातिमानं, तिचं एक पातेलं आणि अम्माचा तवा वेगळा काढून दिला. इतकी चपळ मी तिला कधी पाहिली नव्हती.

जमात म्हणते, बाईच्या चुलीचं मत घरच्या पुरुषानं सांगावं. तू काय म्हणतेस?

तुझी नूर


सालमिया
२ एप्रिल १९५८

चि. नूरबानू हिस अनेक दुवा. वि. वि.

अगं, मदर सुपीरियरसमोर मान वर करून बोलणारी तू, आणि जमातीला घाबरतेस? गेल्या वर्षी निवडणुकीत मतपेटीत कागद टाकलास तो काय मजीदच्या हातानं? स्वतः जा. चारचौघांत उभी राहून हात वर कर. आमचे यूसुफमियाँ हसून म्हणतात, दोघी बहिणी मिळून गाव चालवणार.

अशरफचं फार मनावर घेऊ नकोस. मजीद आपला आहे. हे पत्र त्यालाही वाचून दाखव.

आहे तो जिव्हाळा वाढत राहो.
आपा


करंजखोल
११ नोव्हेंबर १९५८

ती. आपा यांस सलाम. वि. वि.

बरेच महिने लिहिलं नाही. पावसात पडवी गळते आणि लाकडं पेटत नाहीत.

मी गेले होते, आपा. मदरशाच्या ओसरीवर उभी राहिले. अशरफनं हरकत घेतली की ही चूल मतापुरती मांडलेली आहे. मग मजीदला सर्वांसमोर बोलावं लागलं. तो म्हणाला, "फूफीचा आणि माझा संसार वेगळा. चूल वेगळी, घर वेगळं." मला वाटलं, बोलताना एकदा माझ्याकडे पाहील. मी हात वर केला. एका मतानं आपण जिंकलो.

तुझ्या खोल्यांत चौकी आली. हवालदार भला माणूस आहे. चूल मात्र अजून वेगळीच. फातिमा म्हणते, एकत्र जेवलो तर अशरफ वर अर्ज करील.

परवा मजीदच्या मुनिराला ताप आला. पोर माझ्या नावानं रडत होती, म्हणून मी आतल्या चुलीवर पेज ठेवली. फातिमानं तुझ्या खोल्यांकडच्या दगडी गडग्यावरून हवालदाराला हाक मारली. तो बिचारा दारातच उभा राहिला आणि खाली बघून म्हणाला, "मावशी, विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात येऊ नये." मजीद जेवत होता. त्यानं भात कालवणं थांबवलं नाही.

तुझी चौकी कामाची निघाली.

नूर


करंजखोल
१५ डिसेंबर १९५८

ती. मोठ्या फूफींच्या सेवेशी मजीदचा सलाम. वि. वि.

आपलं रागाचं पत्र मिळालं. जमातीसमोर दिलेला शब्द मला मोडता येत नाही. हात वर करायला आपणच लिहिलं होतं. ते पत्र फूफींनी मला वाचून दाखवलं, म्हणून आठवण देतो. आपल्या खोल्या फूफींसाठी परत मागता, पण त्या सरकारनं पाच वर्षांच्या करारानं घेतल्या आहेत, सही यूसुफ फूफांची आहे. पडवीला आता स्वतंत्र घरनंबर आहे. फूफी खोकतात, पण तशा बऱ्या आहेत.

कुणी येणारं असल्यास फातिमासाठी अत्तराची बाटली आणि मुनिराच्या फ्रॉकसाठी कापड पाठवावं. मजवर कृपा असू द्यावी.

आपला,
मजीद


करंजखोल
९ फेब्रुवारी १९५९

ती. आपा यांस सलाम. वि. वि.

मला कुवेतला न्यायचं लिहितेस. यूसुफभाईंना सांग, कागदपत्रांची धावपळ नको. मला आता धक्क्यापर्यंत चालवत नाही. हे पत्रही मी सांगते आणि हवालदार लिहितो.

स्वतःला बोल लावू नकोस. तू मला उभी राहा म्हणालीस, एवढंच. उभं राहणं मला आवडलं होतं.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
नूर

ता. क. माझ्या वस्तू हवालदाराकडे ठेवल्या आहेत. तू येशील तेव्हा अशा द्याव्यात. पातेलं फातिमाचं, तिला परत. लोकरीची शाल रबियाच्या सासूला, ती अजून अंगणातच निजते. माझं नमाजाचं जानमाज तुला. अम्माचा तवा मुनिराला, पण गडग्यावरून द्यावा, विचारल्याशिवाय आत जाऊ नये. चुलीचे दगड अशरफला, होडीच्या नांगराला बांधायला.

मजीदला काही ठेवलेलं नाही. त्याला हवं होतं ते मी हात वर करून दिलं.