मागचे धागे

ता. २ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी मागितलेला, तू चौकडीच्या कागदावर काढलेला स्वेटरचा नमुना मिळाला. निळ्या जमिनीवर पांढरे पक्षी, छातीभोवती तीन रांगा. आजवर मी एकच मफलर विणलाय, त्यालाही तू पायपुसणं म्हणालीस. पण माझी चिमणी एकोणतीस नोव्हेंबरला नवऱ्या-लेकरासह कायमची परदेशी चालली आहे, आणि बापाला हे आत्याकडून कळावं! सहा वर्षांपूर्वी आमच्या संघटनेचा संप मोडून ती कामावर गेली, म्हणून भर सभेत मी पोटच्या पोरीला फितूर म्हटलं. टाळ्या पडल्या. आता माफी लिहायला बसलो की कागदावर भाषणच उतरतं. म्हणून या सुया.

तुझी माया असू दे.
तुझा भाऊ

ता. १२ ऑक्टोबर

चि. भाऊस,
अ. उ. आ.

नवशिक्याने आधी टोपी विणावी. तू निघालास थेट पक्षी उडवायला! मीच विणून दिला असता, पण मग तो माझा होईल. एक लक्षात ठेव. एका रंगाने विणताना दुसरा धागा मागून मोकळा जाऊ दे. ओढलास तर कापड आखडेल. चिमणी निघायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे येणार आहे. तू यायचं नाहीस, ही तिची अट. स्वेटर पाठव, मी देईन.

प्रकृतीला जप, रागाला आवर.
तुझी ताई

ता. २१ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

स्वेटर पार्सलने धाडला. दोनदा उसवला, बोटांना घट्टे पडले. शेजारीण विचारते, संघटनेचा झेंडा विणताय का? मागच्या धाग्यांची काळजी सोड. छापखान्यात चाळीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवले. ओळ जरा ढिली राहिली की उचलताना खिळे भुईवर. माझ्या हातून ढिलं काही सुटत नाही. पाठची बाजू बघ, एक धागा लोंबत नाही!

ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिही.
तुझा भाऊ

ता. २९ नोव्हेंबर

चि. भाऊस,
अ. उ. आ.

जसंच्या तसं लिहिते. चिमणीने पक्ष्यांवरून बोट फिरवलं. बाबांनी स्वतः विणला का, असं दोनदा विचारलं. मग घालायला घेतला. हात बाह्यांत गेले आणि खांदे छातीच्या पट्ट्यात अडकले. मी ओढलं, जावयांनी ओढलं. आम्ही सगळेच हसलो. मग स्वेटरच्या आतलं हसणं थांबलं. बाहेर आली तेव्हा चेहरा ओला होता. स्वेटर उलटा करून ते ताणलेले धागे पाहिले आणि म्हणाली, बाबांनी मला मावायला जागाच ठेवली नाही. रागाने म्हणाली असती तर मी भांडले असते रे. घडी करून तो माझ्या मांडीवर ठेवला. सकाळी विमान गेलं. पत्ता तुला द्यायचा नाही, तुझा निरोपही तिला कळवायचा नाही, असं बजावलंय.

जेवत जा वेळेवर.
तुझी ताई

ता. ७ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

स्वेटर परत आला. उसवायला बसलो, पण टाका सुटत नाही, इतकं मी आवळून ठेवलंय. कात्री लावणार नाही.

चिमणी फितूर नव्हती. तिचं लेकरू आजारी होतं, औषधाला पैसा नव्हता, म्हणून ती कामावर गेली. मला तेव्हाही ठाऊक होतं.

हे तिला कळवू नकोस. तिची अट पाळ. एकदा तरी भाषण न करता लिहायचं होतं, ते तुला लिहिलं.

लोभ ठेव. मागायला दुसरं कुणी उरलेलं नाही.
तुझा भाऊ