बारावा झगा

प्रिय ओदिल्या,

बारा झगे, त्यांच्या घेरांचे बारा पोलादी सांगाडे, चर्चमधल्या तुझ्या पहिल्या कम्युनियनचे बूट आणि ज्यावर हे लिहितोय ते टेबल, एवढं या हातांनी केलं. कुणी शिकवलं नाही. एकेका झग्याला साडेतीन हजार मणी. अंदाजे सांगत नाही.

तुझं पत्र पोचलं. "बाबा, तो पांढरा झगा कुणाच्या तरी मापाचा पडून आहे ना, विका आणि छप्पर दुरुस्त करा." छप्पर गळतंय, खरं आहे. खाली बादली आहे.

'डेब्युटंट' शब्द मी लायब्ररीतल्या जाड कोशात शोधला होता, आठवतं? मूळ फ्रेंचांच्या चेंडूच्या खेळातलं, पहिला चेंडू टाकणं. मग पहिल्यांदा रंगमंचावर येणारी नटी. शेवटी मोठ्या घरची, समाजापुढे पहिल्यांदा आणलेली मुलगी, आपल्या गावातल्या बड्या लोकांची सोसायटी दरवर्षी सोहळ्यात आणते तशी. तू सोळाची होतीस. विचारलंस, "मग माझा नंबर कधी?" मी म्हणालो, "सोसायटीत सभासदांच्याच मुली, पोरी. आपण शिवणारे." आणि टाचण्या परत तोंडात धरल्या.

शिवाय प्रत्येक झगा तपासला तुझ्याच अंगावर. सोहळ्यात मुलींनी चाळीस किलोची मखमल घालून कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकायचं, हात न टेकता उठायचं. घेर नीट मिटतो का, ते त्याशिवाय कळत नाही. दुकानातल्या सिमेंटवर तू अकरा वेळा वाकलीस, अकरा परक्या मुलींसाठी. बेनाविदेसबाई कॉफी पिता पिता म्हणाल्या, "अगं बाई, आमच्या पोरीपेक्षा हिलाच छान जमतं की! फुकट गेलं म्हणायचं." मी हसलो. गिऱ्हाईक होतं. ते हसणं तू आरशात पाहिलंस आणि महिन्याभरात डेन्व्हर गाठलंस.

त्यानंतर बारावा शिवायला घेतला. तो कुणी मागवला नव्हता. सहा वर्षं लागली. कंबर सव्वीस, डावा खांदा अर्धा इंच खाली. तुझं माप वहीत पाहावं लागलं नाही. अस्तरात तुझं नाव शिवलंय. तू तिशीची झालीस, सोसायटी तुला बोलावणार नाही, आणि तू तो घालणारही नाहीस, हे मला कळतं. पण विका म्हणून पुन्हा लिहू नकोस, एवढ्यासाठी हे पत्र. मंगळवारी बेनाविदेसबाई नातीला, थोरल्या लेकीच्या मुलीला, घेऊन हाच झगा मागायला आल्या होत्या. मी नाही म्हटलं. त्यांचं म्हणणं, कंबर दोन इंच सैल करायची, तुझं नाव उसवून नातीचं घालायचं. अडतीस हजार डॉलर.

तुझाच,
बाबा