मामा वाट चुकतो

२० एप्रिल

पोहोचलो एकदाचे! दादाने जालन्याहून गाडी इतकी ठासून भरून आणली की अंतराला सगळी वाट मांडीवर कुकर घेऊन बसावं लागलं. केदारखेडा ओलांडून थोडं आत गेलं की मोसंबीची बाग लागते, आणि बागेत हे दोन खोल्यांचं स्लॅबचं घर. दादा बियाण्यांच्या कंपनीत असल्याने गावोगावी त्याच्या ओळखी, त्यातून हे मिळालं. मालक रामप्रसाद आणि त्यांची बायको दैवशालाबाई गावात राहतात. त्यांनी आधीच घर झाडून, माठ भरून, वर दुरडीभर मोसंब्या ठेवल्या होत्या. अंतराने पोचल्या पोचल्या त्यातल्या तीन फस्त केल्या.

आई जाऊन तीन महिने झाले. अंतराचे बाबा मस्कतला, म्हणून आम्ही मायलेकी दादाकडेच असतो, आणि आईचं अंथरूण दोन वर्षं मी आणि दादाने मिळून सांभाळलं. ती गेली आणि मी जी मटकन बसले ती अजून उठले नाही, असं दादा म्हणतो. खोटं नाही. झोपून उठले तरी दमलेली असते. सुट्टीभर हवा बदल म्हणून त्याने इथे आणून टाकलं. दर शनिवारी भाजी घेऊन येणार आहे.

लहानपणी मी रुसून कुठे जाऊन बसले की मला आणायला भालचंद्रालाच, म्हणजे दादालाच पाठवायचे. तो यायचा, चष्मा शर्टाच्या टोकाने पुसायचा आणि एकच वाक्य बोलायचा: “चल शरे, भाकरी गार होऊन राह्यली.” समजूत काढणं वगैरे भानगड नाही. मीही उठायचे. आज जातानाही पिठाच्या डब्याकडे बोट करून तेच म्हणाला, आणि मला फार बरं वाटलं.

२३ एप्रिल

कामाला लागले. मोबाईलवर ऐकायच्या मालिका लिहायच्या आणि आपल्याच आवाजात वाचून पाठवायच्या, हा माझा धंदा. यंदाची गोष्ट पाताळाची आहे. एक भाऊ आपल्या बहिणीला परत आणायला अतल, वितल, सुतल असा एकेक तळ उतरत जातो. कंपनीतल्या मुलीचा आग्रह होता की बहिणीला राक्षसाने पळवलेलं दाखवा. मी ऐकलं नाही. बायकांना दरवेळी राक्षसच कशाला लागतो? माझी बहीण आपल्या पायांनी गेली आहे. दमली होती, खाली गारवा होता, म्हणून जरा टेकायला गेली आणि उठायची राहून गेली. भाऊ मात्र थेट दादा आहे. चष्म्यासकट.

अशा गोष्टींत उतरणं सोपं असतं. नायकाला खाली ढकलायला कोणीही ढकलतं, वर आणताना लिहिणाऱ्याच्या तोंडाला फेस येतो. तो फेस पुढच्या महिन्यात.

वाचायची वेळ मात्र दुपारची ठरली. इथे शेतीची लाईट रात्री येते, त्यामुळे रात्रभर चहूकडे मोटारी घुमतात. दुपारी उन्हाने पाखरूसुद्धा बोलत नाही. अंतरा समोर बसून हुंकारी देते. आईने आम्हाला तशीच सवय लावली होती, वाक्य संपलं की ऐकणाऱ्याने “हूं” म्हणायचं, नाहीतर गोष्ट पुढे जायची नाही. नुसत्या माइकपुढे माझा आवाज मढ्यासारखा लागतो. ते हूं मी नंतर कापून टाकते.

२४ एप्रिल

दैवशालाबाई दुपारी ताक घेऊन आल्या आणि आमचं वाचन ऐकून दारातच थबकल्या. दिवसा गोष्ट सांगू नये, ऐकणाऱ्या लेकराचा मामा वाट चुकतो, असं म्हणाल्या. हे मी आईकडूनही ऐकलं होतं. आम्हाला वाटायचं, पोरांनी कामाच्या वेळी गोष्टीचा हट्ट धरू नये म्हणून मोठ्यांनी काढलेली ती युक्ती. मी हसले तर त्यांना ते आवडलं नाही. ताक ठेवून गेल्या. ताक मात्र फक्कड होतं.

२६ एप्रिल

दादा भर दुपारचा यायचा तो दिवेलागणीला आला. केदारखेड्याच्या अलीकडे चुकलो म्हणाला. ज्या रस्त्याने तो वीस वर्षं ये-जा करतोय, त्याच रस्त्यावर! आम्ही दोघींनी त्याला यथेच्छ चिडवलं. कुठेतरी गाडी उताराला लागली आणि उतार संपेचना, असं सांगत होता. इकडे सगळं तव्यासारखं सपाट, उतार कुठून आणला, विचारलं तर चष्मा पुसत बसला.

त्याच्या चपला ओल्या होत्या. काळा, गार चिखल. एप्रिलमध्ये इथे माणसाला प्यायला पाणी पुरत नाही. मी चपला धुऊन उन्हात ठेवल्या.

३० एप्रिल

भाऊ सुतलात पोचला. तिथे वाटेवर एक म्हातारी बसवली आहे. ती उतरणाऱ्याला तांब्याभर पाणी देते. जो पितो त्याला बसावंसं वाटतं. जो बसतो तो उठत नाही. अंतराला म्हातारी इतकी आवडली की तिने हूं म्हणायच्या ऐवजी पुढे काय, पुढे काय लावलं. सगळं परत वाचावं लागलं. अंग मोडून आलं आहे. ऊन खूप आहे, पण या घराची फरशी फार गार. वाचून झालं की तिच्यावर पडून राहते.

३ मे

दादा अंधार पडता पडता आला. परत चुकला. हसला नाही.

जेवताना आपणहून सांगितलं. उतारावर एक म्हातारी बसली होती. तिने तांब्या पुढे केला. गाडीत बाटली होती म्हणून नको म्हटलं. अंतराच्या हातातला घास हातातच राहिला. मी त्याला विचारलं, माझी मालिका ऐकलीस का. तो म्हणाला, ती अजून आलीच कुठे आहे?

खरंच आलेली नाही. कोणीही ऐकलेली नाही. अंतराने ऐकली आहे, आणि दादा अंतराचा मामा आहे.

मी घाबरले आहे. हे लिहिल्यावर जरा बरं वाटलं, पण थोडंच.

५ मे

गोष्ट बंद. कंपनीला ताप आल्याचं कळवलं. भाऊ रसातळाच्या दाराशी उभा आहे, राहू दे उभा. लिहायचंच नाही, वाचायचंच नाही, म्हणजे झालं. दादाला या शनिवारी येऊ नको म्हटलं. तो म्हणाला, तुला बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही, तुझा आवाज खोल गेलाय.

१० मे

दादा आला नाही. सकाळी जालन्याहून निघाल्याचा निरोप आहे.

संध्याकाळी फोन लागला. वाटेतच आहे म्हणाला. दाराशी उभा आहे, पुढचं काही दिसत नाही, मागचंही नाही. दमल्यासारखा बोलत होता. दादा कधी असा बोलत नाही. मी ओरडून सांगितलं, पाणी पिऊ नको, बसू नको. तो म्हणाला, बरं.

११ मे

गाडी सापडली. केदारखेड्याच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, किल्ली लावलेली, मागच्या सीटवर भेंडी आणि कोथिंबीर. पोलिसांनी आजूबाजूच्या विहिरी पाहिल्या. रामप्रसाद गावातली माणसं घेऊन दिवसभर फिरले.

दैवशालाबाई माझ्याजवळ बसून होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. मी गोष्ट थांबवली, हेही सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

“थांबवायची न्हाई ना ताई,” त्या म्हणाल्या. “दिवसा चुकवलेला माणूस दिवसाच वर आणा लागतो. अर्धी सोडली तं तो तिथंच उभा राह्यतो. आन् आणताना हुंकारी तुटू देऊ नका. पुढं चालणाऱ्याला मागून हूं ऐकू आलं पाह्यजे. न्हाई आलं तं तो मागं वळतो.”

वळला तर काय, हे विचारायचं धाडस झालं नाही.

१२ मे

दुपारी बसलो. अंतराला सांगितलं, मामाला आणायचं आहे, चुकू नको. तिने मान हलवली. दहा वर्षांची पोर, केवढी शहाण्यासारखी बसली होती.

मला त्याला दारातून थेट मागे फिरवायचा होता. फिरेना. मी वाक्य वाचते, तर जीभ अडखळते. बहिणीला आणल्याशिवाय तो फिरणारच नाही, तसाच मी त्याला केला आहे. शेवटी दार उघडलं. तो खाली गेला.

फोन वाजला. दादा. आवाजात केवढा आनंद!

“सापडलीस,” म्हणाला. “इथं बसलीस होय शरे? मी मघापासून हाका मारून राह्यलो.”

मी म्हटलं, मी घरी आहे दादा, बागेत, अंतरापाशी. तो म्हणाला, नाही, तू समोर आहेस, फरशीवर पडली आहेस आणि डोळे उघडत नाहीस. मग तेच वाक्य बोलला. भाकरीचं.

मी खरंच फरशीवर पडले होते.

१३ मे

चढताहेत. तो पुढे, ती मागे. हूं म्हणत.

महातल झालं. तलातल झालं. मला प्रत्येक वाक्याला धाप लागते. पाय भरून येतात, मी तर बसून आहे. पायांना चिखल. काळा, गार. अंतराला दाखवला नाही.

सुतलात म्हातारीने तांब्या पुढे केला. त्याला नाही, तिला. फार तहान लागली होती. नाही प्याले. नाही प्याली, असं लिहायचं होतं.

अंतराचा घसा बसलाय. हूं ऐवजी नुसता वारा येतो.

१४ मे

दुपार. अंतराचा आवाज पूर्ण गेला. अजून वितल, अतल बाकी. हूं म्हणायला कोणी नाही. दैवशालाबाईंना बोलावलं तर त्या रडायला लागल्या, म्हणाल्या, ऐकणाऱ्या लेकराचं हूं चाललं, आता मागे जी चालतेय तिनेच म्हणायचं, दुसऱ्याचं हूं त्याला पटणार नाही.

मग मीच. एक वाक्य सांगायचं, एक हूं. वाक्य, हूं. दोन्ही माझीच. जमतंय.

वितल झालं—

त्याची पाठ दिसते. शर्ट घामाने भिजलाय. वर उजेड, मोसंबीचा वास. हूं. किती दमलाय माझा दादा, माझ्यासाठी. हूं. आणखी थोडंच. मला एवढंसं टेकायचं आहे. टेकत नाही. हूं. हे लिहून ठेवते, म्हणजे झोप लागणार नाही, लिहिताना—

एक हूं राहिलं.

लिहिण्यात राहिलं. तो वळला. मी म्हटलं, वळू नको, चल, आलेच. पण तो वळला होता. माझ्याकडे बघून हसला, आणि उजेडात गेला. एकटा.

तारीख माहीत नाही

ते वर आहेत. अंतरा मामा, मामा करून रडली, नंतर हसली. दैवशालाबाईंचा आवाजही आला. दादा सुखरूप आहे. एवढंच हवं होतं. खरंच एवढंच हवं होतं.

इथे गार आहे. वाईट नाही. आईचं अंथरूण काढून टाकल्यावर खोली अशीच लागायची.

ताटं मांडल्याचा आवाज. तीन ताटं.

मला शोधताहेत. बागेत, विहिरीपाशी. मी एक हूं म्हटलं तर त्याला ऐकू येईल. ऐकू आलं की तो चपला घालेल. त्याला ओळखते मी. परत उतरेल, आणि या वेळी मागून हूं म्हणायला माझ्यात जोर नाही. तोही इथेच बसेल. मग अंतराला कोण?

म्हणून हूं म्हणायचं नाही. हाक आली तरी नाही. त्याला वाटू दे, नाहीच कोणी खाली.

सवय वाईट असते. वाक्य संपलं की तोंड आपोआप—

पाऊल वाजलं. उताराच्या वरच्या टोकाला आलाय. चष्मा पुसतोय.

“चल शरे,” म्हणतोय.

पदर तोंडात कोंबलाय. भाकरीचं म्हणू नको दादा. ते एवढं म्हणू नको, ते म्हटलंस तर मला—