नातीच्या नावाने वाढलेले ताट पुरावा धरू नये

प्रति,
मा. प्रमुख पोलीस अधिकारी,
पोलीस ठाणे, एल्क नॅरोज.

विषय : माझी नात शेल्बी लिंकलेटर हिचा थांबवलेला शोध पुन्हा सुरू करण्याबाबत.
संदर्भ : आपले मागच्या मंगळवारचे तोंडी उत्तर. (लेखी मागितले होते, मिळाले नाही.)

महोदय,

१. मी फिलोमिन लिंकलेटर, राहणार क्री आदिवासींची वस्ती, रेवन पॉइंट, अर्ज करते की, शेल्बी मागच्या हिवाळ्यात शहराच्या बसथांब्यावरून नाहीशी झाली, ती अद्याप सापडलेली नाही. जिवंत नाही आणि मेलेलीही नाही. हरवलेली आहे.

२. पाच मे रोजी चर्चच्या कुंपणावर आमच्या हरवलेल्या आणि मारून टाकलेल्या बायकांसाठी लाल झगे टांगले होते. प्रार्थना पाद्रीबाईंनी म्हटली, शेकोटी आमच्या म्हाताऱ्यांनी पेटवली. आपणही होता, मूस हरणाच्या मांसाचे सूप दोनदा घेतलेत, त्याबद्दल तक्रार नाही. आमच्यात मेलेल्या माणसासाठी ताट वाढून अग्नीला देतात. हरवलेल्या बाईसाठी झगा टांगतात, ताट वाढत नाहीत. हे आमच्या शेंबड्या पोरालाही कळते.

३. तरी मी वाढले. झाले असे की, आपापल्या मेलेल्यांची ताटे घेऊन बायका रांगेला लागल्या आणि माझी चुलत जाऊ बर्नीस चारचौघींत म्हणाली, "फिलोमिनचं ताट कशाला येतंय! शहरात उंडारायला गेलेल्या पोरीला कोण वाढणार?" माझे डोके फिरले. शेल्बीला कोणी नाही असे कोण म्हणते बघू, म्हणून मी बॅनक भाकरी, मासा, मुरंबा, सगळे शिगोशीग वाढले आणि तिचे नाव मोठ्याने घेऊन अग्नीत घातले. तिची आई, माझी मुलगी नोएला, समोर उभी होती. ती एवढेच म्हणाली, "आई, बर्नीसकाकूला उत्तर द्यायला तू माझी पोर मारलीस." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. मी तोंड वर करून वस्तीत फिरत नाही. जन्मात पहिल्यांदा.

४. मंगळवारी ठाण्यात आले तर आपण म्हणालात, "आजी, घरच्यांनीच ताट वाढलं, आता आम्ही कुणाला शोधायचं?" साहेब, त्या दिवशी बसथांब्यावर दिसलेल्या हिरव्या ट्रकवाल्याचे नाव मी तीनदा दिले, ते आपल्याला पुरावा वाटले नाही. मैत्रिणीला आलेला तिचा शेवटचा निरोप दाखवला, तोही नाही. एका रागीट म्हातारीचे ताट मात्र लगेच पुरावा झाले!

५. आमच्या चालीरीती आपण आजवर मानल्या नाहीत. ही एकच, तीही मी चुकवलेली, मानू नये. चूक माझ्या जिभेची आणि ताठ्याची आहे. तिची शिक्षा पोरीला नको. ट्रकवाल्याला बोलवावे, नदीकाठचा राहिलेला भाग पाहावा. चुकले हे सगळ्यांसमोर, बर्नीससमोरसुद्धा, सांगायला मी तयार आहे. यापेक्षा जास्त माझ्याकडे द्यायला काही नाही.

कळावे, आणि कळले तर हलावे.

आपली,
फिलोमिन लिंकलेटर
रेवन पॉइंट, १९ मे

सोबत : शेल्बीचा हसरा फोटो. (आपल्या भिंतीवरचा काढावा. त्यात ती चोर दिसते.)

मुलीच्या आईची सही : (नोएलाने अजून केलेली नाही. जागा सोडली आहे.)