अर्धी गोळी, मधातून

३ तारीख
अक्का, तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? धाकटीचं बाळंतपण नीट पार पडलं ना? मी मजेत. इथून रोज थोडं थोडं लिहीन, साठलं की पाठवीन. लेकाचं नवं घर ऐसपैस. नातीला मी भिंगरी म्हणतो. पायाला नुसती चाकं! सूनबाई म्हणाली, बाबा आले, आता मी निर्धास्त कामावर जाते. अंगावर मूठभर मांस चढलं बघ.

७ तारीख
भिंगरीला कांजिण्या आल्या. अंग तव्यासारखं. डॉक्टरांच्या पातळ औषधाने ताप हटेना. आपल्या आळीत कुणाचा ताप मी उतरवला नाही, सांग? माझ्या डबीतली अ‍ॅस्पिरिन अर्धी कुटली, मधातून चाटवली. अंग गार! सूनबाईला बोललो नाही, उगाच डॉक्टरपुराण लावलं असतं.

११ तारीख
खपल्या धरल्या. गोळी रोज देतच होतो. लेक म्हणतो, बाबा आले नि दुखणं पळालं. मी मिशीत हसलो.

१३ तारीख
भिंगरी सकाळपासून ओकतेय. घोटभर पाणीही ठरत नाही. काहीतरी बाधलं असेल.

१४ तारीख
तिने मला ओळखलं नाही. अंगावर धावून आली, हाताला कडकडून चावली. डोळे उघडे, पण आत आमची भिंगरी नव्हती. मग गुंगी. हाकेला ओ नाही.
दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, लिव्हरला सूज आहे, रक्तातलं विष मेंदूत चढतंय. कांजिण्यांत, फ्लूत मुलांना अ‍ॅस्पिरिन दिली तर क्वचित असं होतं. कुणी दिली होती का? मी तोंड उघडणार, तोच सूनबाई म्हणाली, छे हो, बाबा डोळ्यांत तेल घालून असतात घरी.
मी मान डोलावली. अक्का, मी मान डोलावली.

१५ तारीख
डॉक्टर भलतीच कारणं शोधताहेत. माझ्यामुळे. आणि सूनबाई मलाच धीर देतेय— खिशात डबी खुळखुळते. सगळ्यांना ऐकू जात असेल—

दुपार
सांगितलं. सगळ्यांदेखत. डॉक्टर धावले. लेक भिंतीकडे तोंड करून— सूनबाईने बाकावर आमच्या मध्ये पिशवी ठेवली. बस्स.
आत भिंगरी ओरडतेय. तिचा आवाज नाही हा—
थांबला.
दार उघडतंय. अक्का, लवकर लिही गं. शिव्या लिही, पण लिही, नाहीतर मी—