येळवशीला टँकरमधून

लातूर

ती. अव्वास महादेवीचा शरणार्थ.

इकडं लई मजेत हाय. लातूर जिल्हा झाल्यापासून तुझ्या जावयाला कलेक्टर कचेरीत रविवार म्हणून न्हाई, पाण्याच्या टँकरमागं फिरायलेत. परवा येळवशीच्या अवसेला करतो तशी सगळ्या भाज्यांची भज्जी केली, पण खोलीत एकटीला घशाखाली उतरंना.

तू कळवलंस, औंदा शेतात खोप घालायला कडबा न्हाई, येळवशीला येऊ नका. अव्वा, कडबा नसला तर माझं लुगडं बांधू. शेतात बसून जेवू तर! अप्पा पोटभर जेवतात ना? बैल दावणीलाच हायेत ना?

येळवशीच्या दिवशी ह्यांचा टँकर आपल्याच गावाला येणार हाय. आंबिलीचं मडकं मांडीवर घेऊन मी पुढं बसते. आंबिलीसाठी घरातलं पाणी खर्चू नकोस.

टँकरचा आवाज आला की घागर घेऊन पळत ये. पण आधी मला उतरवून घे.

तुझी वाटेकडं डोळे लावलेली,
महादेवी