कुणी हललं नाही की दिवा जातो

तीर्थरूप मामांना भाचीचा पायांशी वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? पत्र मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर धाडतेय, म्हणजे मामींच्या आधी तुमच्या हाती पडेल (का ते खाली कळेल). आणि तो दुकानातला दिवा? आई सांगत होती, रोज दुपारी आपोआप जातो, अंधार बघून गिऱ्हाईकं परत फिरतात, तुम्ही बघायला उठलात की मुकाट येतो, आणि दोनदा अख्खं वायरिंग बदलूनही तेच! सगळ्या बाजाराचे पंखे-मोटारी दुरुस्त करणाऱ्या माणसावर ही वेळ यावी? फार वाईट वाटलं हो.

इकडे आम्हा इलेक्ट्रिकलवाल्यांच्या मानगुटीवर यंदा ‘उद्योजकता’ हा विषय बसलाय. शिकवणारे सर (आम्ही त्यांना शेठजी म्हणतो, जन्मात साधं पेन विकलेलं नाही) म्हणाले, वस्तू बनवा, पण ती लोकांना हवी का ते आधी विचारा. विचारलं की! फक्त विचारलं आमच्याच वर्गाला. चाळीस जणांनी सर्किट मागितलं, तिघांनी त्यात चुका काढल्या, आणि ‘विकत घ्याल का’ हा प्रश्न मी फॉर्मवर टाकायलाच विसरले. वस्तू मात्र झकास झालीय, मामा! एवढीशी डबी, बोर्डात बसते. खोलीत चार मिनिटं कुणी हललं नाही की दिवे बंद, हललं की चालू.

परवा शेठजींच्याच तासाला ती लावली, तोंड बाकांकडे करून. प्राचार्यही कौतुकाने मागे येऊन बसले. शेठजींनी वाचायला सुरुवात केली आणि चार मिनिटांत गुडूप अंधार! सगळे दचकले, दिवे लागले. पुन्हा चार मिनिटं, पुन्हा अंधार. असं सहा वेळा. सातव्यांदा कुणी दचकलंच नाही, त्यामुळे दिवे लागेनात, आणि त्या काळोखात जे घोरणं ऐकू आलं ते (देवाशपथ) प्राचार्यांचं होतं. मी हसून हसून बाकाखाली. हसले म्हणून दिवे लागले, म्हणून सापडले.

शेठजी असे भडकले की काय सांगू! शुक्रवारपर्यंत, निदान महिनाभर डबी वापरलेल्या गिऱ्हाइकाचं सही केलेलं पत्र आण, नाहीतर नापास. मामा, लिहिताना हसतेय खरी, पण गोष्ट हसण्यासारखी नाही. नापास झाले तर पुढच्या महिन्यातल्या नोकरीच्या मुलाखतीला बसता येणार नाही, वर्ष जाईल. आईला अजून सांगितलेलं नाही. बाकी सगळं ठीक.

तुमचीच लाडकी (अजून तरी),
भाची

ता. क. : महिनाभर वापरलेलं गिऱ्हाईक तसं एक आहे. सुट्टीत तुमच्याकडे आले होते ना, तेव्हा तपासायला एक डबी दुकानाच्या बोर्डात बसवली आणि काढायची राहून गेली. वायरिंग उत्तम होतं, मामा, दोन्ही वेळा. तुम्ही झोपला होतात. तेवढ्या दोन ओळी लिहून सही करून पाठवा.

आणखी एक ता. क. : दिवा कधी गेला, किती वेळ गेला, याची नोंद डबी माझ्या मोबाइलवर पाठवते. दोन ते पावणेपाच, रोज. दुकानात तुम्हाला मान वर करायला फुरसत नसते, या समजुतीवर मामी संध्याकाळी तुम्हाला पाण्याचा पेलाही हातात आणून देतात. त्यांना मी अजून काही बोललेले नाही. सही जरा ठळक करा.